अठ्ठावीस दिवसांचा महिना

भारतात मोबाइलवरचा डेटा किती स्वस्त झाला हे सांगणारे वाक्य गेल्या काही वर्षांत मी निदान वीस सरकारी टिपणांत वाचले असेल, आणि चार-पाच टिपणांत स्वतः लिहिलेही आहे. २०१४ मध्ये एका जीबीला सुमारे २६९ रुपये पडत असत, ते आता दहा रुपयांच्या आसपास आले, असे ते वाक्य. आकडा खरा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मार्च २०१७ पर्यंत तिने डेटा फुकट वाटला, आणि बाकीच्या कंपन्यांना दर उतरवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. स्पर्धेमुळे किंमत कशी कोसळते याचे याहून ठळक उदाहरण आमच्या एम.ए.च्या पुस्तकांत तरी नव्हते.

परंतु सरासरी दराच्या या वाक्यात एक अडचण आहे. प्रीपेड फोन वापरणारा माणूस जीबी विकत घेतच नाही. तो मुदत विकत घेतो, आणि जीबी तिच्यासोबत येतात. मुदत संपली की उरलेले जीबीही संपतात. म्हणून जीबीचा भाव काय, हा प्रश्न बाजूला ठेवून नंबर जिवंत ठेवण्याचा कमीत कमी भाव काय, हे पाहिले पाहिजे. या दुसऱ्या आकड्याविषयी मी एकाही टिपणात वाचलेले नाही.

थोडा इतिहास. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. इनकमिंग फुकट झाले ते २००३ मध्ये. माझ्यासारख्या परप्रांतांत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला त्यानंतरही बरीच वर्षे रोमिंगचा जाच होता. दूरसंचाराच्या नकाशावर देशाचे तुकडे वेगळेच पाडलेले आहेत. आसाम हे एक सर्कल आणि ईशान्येकडची उरलेली बहुतेक राज्ये मिळून दुसरे. गुवाहाटीहून शिलाँगला शंभर किलोमीटर जायचे तर जोराबाट ओलांडताच फोन रोमिंगवर जाई, आणि गाडीतले सगळे जण बोलणे आवरते घेत. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, मुंबई मात्र स्वतंत्र. बेळगाव कर्नाटकात, तिथून शिनोळीपर्यंत कामाला जाणाऱ्या माणसाच्या फोनचे राज्य दिवसातून दोनदा बदलत असे. जम्मूला माझी बदली झाली तेव्हा कळले की तिथे बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम मुळीच चालत नाही. एक तर पोस्टपेड घ्या, नाही तर तिथले नवे सिम घ्या. रोमिंगचा हा त्रास २०१५ ते २०१७ या काळात हळूहळू संपला, आणि ३ जुलै २०१५ पासून नंबर देशभर कुठेही सोबत नेता येऊ लागला. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला याचे मोल विचारावे.

याच काळात दुसरी एक गोष्ट उलट दिशेने सरकत होती. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत 'आजीवन' इनकमिंगची योजना निघाली. माझ्या वडिलांनी मिरजेत ती घेतली. कोणाचे आजीवन, असा प्रश्न त्यांनी दुकानदाराला विचारला होता. उत्तर बारीक अक्षरांत छापलेले होते: कंपनीच्या परवान्याचे. तरीही ती योजना पुष्कळ वर्षे चालली. वडील दहा रुपयांचा टॉप-अप भरत, आम्ही फोन करू, ते ऐकत. कधी त्यांना बोलायचे असले तर मिस्ड कॉल देत. अशा कोट्यवधी माणसांकडून कंपनीला महिन्याकाठी काहीच मिळत नव्हते. नोव्हेंबर २०१८ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला: २८ दिवसांना ३५ रुपये. तो भरला नाही तर आधी आउटगोइंग आणि काही दिवसांनी इनकमिंगही बंद. पुढे एका मोठ्या कंपनीच्या दरपत्रकात हा किमान आकडा २०२१ च्या अखेरीस ९९, २०२३ मध्ये १५५ आणि जुलै २०२४ मध्ये १९९ झाला.

न्यायाने सांगायचे तर ३५ रुपयांत थोडासा टॉकटाइम मिळे, आणि १९९ मध्ये हवे तितके बोलणे आणि २ जीबी डेटा मिळू लागला. वस्तू मोठी झाली आहे, हे कबूल. पण छोटी वस्तू दुकानातून उठली, हेही तितकेच खरे. ज्याला फक्त फोन घ्यायचा आहे आणि बँकेचा ओटीपी वाचायचा आहे, त्यालाही मोठीच वस्तू घ्यावी लागली.

कंपन्यांना मी यात खलनायक ठरवणार नाही. मनोरे, स्पेक्ट्रम, फायबर हा सगळा खर्च आधीच झालेला असतो. एक जीबी अधिक पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. अशा धंद्यात प्रवेशाचे शुल्क घ्यायचे आणि वापर स्वस्त ठेवायचा, ही किंमत ठरवण्याची जुनी रीत आहे. आणि त्या आधीच्या खर्चात सरकारचा वाटा मोठा. २०१० च्या थ्रीजी लिलावातून सरकारने सुमारे ६७,७०० कोटी रुपये घेतले. महसुलाची व्याख्या कशी करायची या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारच्या बाजूने दिला, त्या थकबाकीचा बोजा वेगळाच. हे पैसे अखेर कोणी तरी भरायचेच होते.

आता अठ्ठावीस दिवसांविषयी. वर्षाला २८ ने भागले की तेरा येतात, बारा नव्हे. 'महिन्याचा पॅक' म्हणून जे आपण भरतो, ते वर्षातून तेरा वेळा भरतो. हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले आहेत. माझ्या लेखी तेराव्या हप्त्याहून सरकणारी तारीख अधिक त्रासाची. समजा, पगार ५ तारखेला होतो आणि ५ जानेवारीला रिचार्ज केला. पुढचा २ फेब्रुवारीला, मग २ मार्चला, मग ३० मार्च, २७ एप्रिल, २५ मे. म्हणजे सुरुवातीला पगाराच्या दिवशी येणारा खर्च मार्चनंतर बरोबर महिन्याच्या शेवटी, हातात काही नसताना येऊन उभा राहतो. घरभाडे असे सरकत नाही, दुधाचे बिल सरकत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये याची दखल घेतली. प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पॅक ठेवलाच पाहिजे, असा आदेश निघाला. त्याप्रमाणे ते पॅक आहेत. मात्र कोपऱ्यावरच्या दुकानदाराला 'महिन्याचा टाक' म्हटले की तो आजही २८ दिवसांचाच टाकतो.

हे सगळे कागदावरचे झाले. प्रत्यक्ष हिशेब मांडण्याची वेळ आली ती गेल्या वर्षी, दिल्लीतल्या आमच्या कार्यालयात.

आमच्या मजल्यावर ठेकेदारामार्फत आलेल्या सात-आठ सफाई कर्मचारी आहेत. त्यांपैकी एकीला सगळे 'दीदी' म्हणतात, आम्ही अधिकारीही. मूळची बुंदेलखंडातली. कापून हातात सोळा हजारांच्या आसपास पगार. नवरा एका गृहसंकुलात रात्रपाळीचा पहारेकरी, मुलगा अकरावीत, सासू गावी. एका दुपारी तिने आमच्या विभागातल्या लिपिकाकडे दीडशे रुपये उसने मागितले, रिचार्ज संपला म्हणून. हे दर महिन्याला होते, असे तो म्हणाला. मी तिला विचारले, घरात एकूण किती जाते रिचार्जला? ती म्हणाली, "सर, जोड़ा ही नहीं कभी. दो सौ, तीन सौ, ऐसे ही निकल जाता है." दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी जोडले.

नवरा २९९ चा पॅक घेई, दिवसाला दीड जीबीचा. मुलगा ३४९ चा, दिवसाला दोन जीबीचा. दीदी स्वतः १९९ चा, त्यात सगळ्या २८ दिवसांना मिळून २ जीबी. सासूच्या साध्या बटणांच्या फोनलाही १९९ चाच, कारण त्याहून लहान काही नव्हते. प्रत्येकाचे तेरा हप्ते. नवऱ्याचे ३,८८७, मुलाचे ४,५३७, दोघी बायकांचे प्रत्येकी २,५८७. एकूण १३,५९८ रुपये. तिच्या महिन्याच्या पगाराला अडीच-तीन हजारच कमी. आणि हे पैसे वर्षात बावन्न वेळा भरले जात होते, म्हणजे आठवड्याला एकदा. बावन्न तुकड्यांत गेल्यामुळे तो खर्च घराच्या हिशेबात कधी दिसलाच नव्हता. १८ टक्के जीएसटी यात धरलेलाच असतो. तोही मी काढला: २,०७४ रुपये. तो आकडा मी तिला सांगितला नाही.

याखेरीज दीदीच्या फोनवर एक गळती होती. तिचे २ जीबी सहा-सात दिवसांत संपत आणि मग ती वीस-बावीस रुपयांचा, एका दिवसाच्या एका जीबीचा पॅक अधूनमधून टाके. इथे ते सरासरीचे वाक्य तपासून पाहावे. २९९ मध्ये दिवसाला दीडप्रमाणे ४२ जीबी मिळत, म्हणजे जीबी सात रुपये बारा पैशांना पडे. दीदीला तोच जीबी बावीस रुपयांना पडत होता, तिप्पट. आणि तिचा नवरा ड्यूटीवर फोन हाताळू शकत नसल्याने ४२ पैकी पंधराच्या वर क्वचित वापरी, म्हणजे त्यालाही तो वीस रुपयांना पडत होता. उरलेला रोज मध्यरात्री नाहीसा होई. साखर, तेल, साबण यांच्या छोट्या पुड्या घेणाऱ्याला वस्तू महाग पडते, हे जुने दुखणे आहे. डेटाच्या बाबतीत मोठी पुडी घेणाराही सुटत नाही, कारण ती साठवता येत नाही.

गळती कुठे आहे हे फोनच सांगतो. सेटिंगमध्ये 'डेटा वापर' असे एक पान असते, त्यात कोणत्या अॅपने किती खाल्ले याची यादी असते. दीदीच्या फोनवर पहिल्या क्रमांकाला व्हॉट्सअॅप निघाले. नातेवाइकांच्या चार गटांत रोज येणारी शुभ सकाळची चित्रे आणि व्हिडिओ आपोआप उतरत होते. ते बंद केले. दुसऱ्या क्रमांकाला फोटोंचा बॅकअप, जो तिने कधी सुरू केल्याचे तिला आठवत नव्हते. तोही बंद केला. अॅप अद्ययावत करणे 'फक्त वायफायवर' केले. लिपिकाने तिला डेटा बचतीची कळ दाखवली. या सगळ्याला दहा मिनिटे लागली, आणि पुढच्या महिन्यात तिचे २ जीबी चोवीस दिवस पुरले. या गोष्टी माहीत असणाऱ्यांना फार साध्या वाटतील. परंतु फोन विकत घेताना त्या कोणी सांगत नाही, आणि फोन ज्या स्थितीत पेटीतून बाहेर येतो ती स्थिती महिना चाळीस जीबी वापरणाऱ्यासाठी बेतलेली असते.

मुलाचा प्रश्न अधिक अवघड होता. तो अभ्यासाची व्याख्याने यूट्यूबवर पाहतो. व्हिडिओ १०८० च्या दर्जावर ठेवला तर तासाला दोन-अडीच जीबी जातात, ४८० वर ठेवला तर साधारण अर्धा. फळ्यावरची अक्षरे ४८० वर नीट दिसतात. म्हणजे तीन तासांच्या व्याख्यानांना दीड जीबी पुरेल, आणि बाप दिवसा झोपलेला असताना त्याच्या फोनचा हॉटस्पॉट लावला तर मुलाला १९९ च्या पॅकवरही भागवता येईल, असा माझा हिशेब. हिशेबात वर्षाला १,९५० रुपये वाचत होते. दहा दिवस त्यांनी तसे केले. मग दीदी मुलाचा निरोप घेऊन आली: पप्पा साडेसातला फोन घेऊन जातात, शाळेच्या गटावर सूचना रात्री नऊला येतात, आणि मित्रांशी बोलायचे तेही नऊनंतरच. शिवाय बापाची झोप मोडते. मुलाचे म्हणणे रास्त होते. सोळा वर्षांच्या मुलाला बापाच्या उशाखालच्या फोनवर अवलंबून ठेवायचे की नाही, हे ठरवायला माझी एम.ए. उपयोगी नव्हती. शेवटी तो दर्जा ४८० वर ठेवायला कबूल झाला आणि ३४९ वरून २९९ वर आला. वर्षाला ६५० रुपये.

त्याने आणखी एक गोष्ट सांगून पाठवली, जी मला आवडली. दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि तेवढ्या वेगात साधा संदेश जातो, बहुधा यूपीआयचे पैसेही जातात. फक्त चित्र अडते. म्हणून डेटा संपला की लगेच बावीस रुपये टाकायची गरज नाही, रात्री बारापर्यंत थांबावे. नव्वदच्या दशकात विदेश संचार निगमचे डायल-अप जोडून, कर्कश सूर ऐकत, ५६ केबीपीएस मिळाले की आम्ही धन्य होत असू. तेव्हाचा राजमार्ग आज शिक्षा म्हणून दिला जातो. असो.

राहिली सासू. तिचे प्रकरण सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. तिला डेटा नकोच, फोनवर इंटरनेट नाहीच. पण दोन वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तिचा रिचार्ज राहून गेला होता. नंबर बंद पडला, आणि बंद नंबर निदान नव्वद दिवस राखून मग तो दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो, त्याप्रमाणे तो गेला. बँकेत तोच नंबर, गॅसच्या नोंदीत तोच, पेन्शनच्या कागदांवर तोच. सिलिंडर आणणारा माणूस ओटीपी मागे आणि ओटीपी भलत्याच्या फोनवर जाई. नंबर बदलून घ्यायला म्हातारीला बँकेत तीन खेपा घालाव्या लागल्या, दर खेपेला दिवसाची खोटी आणि जीपचे भाडे. तेव्हापासून दीदी काही झाले तरी सासूचा रिचार्ज चुकवत नाही. स्वतःचा चुकला तरी. लिपिकाकडून उसने घेतलेले दीडशे रुपयेही सासूसाठीच होते.

ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. डेटा नसलेले, फक्त बोलणे आणि एसएमएस असलेले पॅक कंपन्यांनी दिलेच पाहिजेत असे बंधन घातले, आणि अशा खास पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ पासून ते पॅक बाजारात आले. आम्ही हिशेब केला त्या वेळी एका कंपनीचा वर्षभराचा असा पॅक साडेअठराशेच्या घरात होता. सासूच्या २,५८७ शी ताडून पाहता सातशेच्या वर बचत, आणि वर्षभर तारखेची चिंता नाही. दीदीला हे माहीत नव्हते. दुकानदाराने सांगितले नव्हते, कारण त्याला तेरा वेळा येणारे गिऱ्हाईक एकदाच येईल.

पण साडेअठराशे एकदम कुठून आणायचे? दर अठ्ठावीस दिवसांना दोनशे भरू शकणारी बाई वर्षाचे साडेअठराशे एका दिवसात भरू शकत नाही, आणि म्हणून तिला वर्षाला सातशे रुपये जास्त पडतात. हे सातशे रुपये म्हणजे व्याजच. फक्त त्याला कोणी व्याज म्हणत नाही. मी पैसे पुढे केले असते तर तिने घेतले असते, पण तसे मी केले नाही; तिच्याबरोबर आणखी सात जणी होत्या. उपाय त्यांनीच काढला. आपल्याकडे जिला भिशी म्हणतात तिला दिल्लीत 'कमेटी' म्हणतात. आठ जणींनी महिन्याला अडीचशे रुपये काढायचे, जमलेल्या दोन हजारांतून दर महिन्याला एकीच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनला वर्षाचा रिचार्ज टाकायचा, उरलेले दीडशे तिने ठेवायचे. पहिली पाळी चिठ्ठी टाकून निघाली. दीदीची तिसरी आली.

प्रशासनातला माणूस म्हणून मला यात जे खटकते ते असे. गेल्या दहा-बारा वर्षांत आम्ही मोबाइल नंबर ही सरकारी दाराची किल्ली करून टाकली. पेन्शन, शिष्यवृत्ती, गॅस, बँक, शेतकऱ्याचा हप्ता, सगळीकडे ओटीपी. यामुळे मधले दलाल कमी झाले, खोटी नावे गळाली, हे मी स्वतः पाहिले आहे आणि ते परत फिरवावे असे मला वाटत नाही. पण किल्लीला अठ्ठावीस दिवसांचे भाडे आहे, ते भाडे कोण भरतो, हा रकाना आमच्या एकाही खर्चाच्या अंदाजपत्रकात नसतो. योजनेचा 'प्रति लाभार्थी खर्च' आम्ही पैशापर्यंत काढतो. लाभार्थ्याला पडणारा खर्च शून्य धरतो.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही तेच. मनरेगाच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवर घेणे १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा छायाचित्रे चढवायची, आणि फोन व डेटा बहुधा हजेरी घेणाऱ्या मेटच्या पदरचा. मेट स्वतः मजुरांतलाच एक. आपल्या महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. निकृष्ट फोन आणि इंग्रजीतले अॅप ही त्यांची तक्रार होती. बातम्या वाचून पुष्कळांना ते नाटक वाटले. मला मात्र त्या बायका आपले साधन नीट ओळखून होत्या असे वाटले. माझ्यासारख्या अधिकाऱ्याला मोबाइल आणि ब्रॉडबँडच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, हे इथेच नोंदवून ठेवतो.

मी एका आंतरविभागीय बैठकीसाठी दोन पानांचे टिपण केले. मागणी मोठी नव्हती. ज्या योजनेत ओटीपी सक्तीचा आहे, तिच्या प्रस्तावात लाभार्थ्याचा वार्षिक रिचार्ज खर्च एका ओळीत लिहावा, आणि नंबर बंद पडला तर शाखेत वा केंद्रात एकाच खेपेत बदलून देण्याची सोय असावी. पहिल्या मागणीवर चर्चा झाली, 'हा विषय आपल्या कक्षेत येत नाही' असे ठरले. दुसरी मागणी एका विभागाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतली. दोनांतली एक म्हणजे आमच्या क्षेत्रात वाईट नाही.

बाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्यापैकी अनेकांचे जुने, गावाकडचे सिम अजून दुसऱ्या खणात असते, कारण सातारच्या किंवा नाशिकच्या बँकखात्याला तोच नंबर जोडलेला असतो. परदेशी गेलेल्यांचे तर हमखास. त्या नंबरला डेटाचा पॅक टाकत बसू नका. बोलणे आणि एसएमएस एवढाच वर्षाचा पॅक शोधा, अॅपमध्ये तो यादीच्या तळाशी असतो. काही अॅप रिचार्जवर वर एक-दोन रुपये शुल्क घेतात, तेही पाहून घ्यावे. आणि घरी आईवडिलांचा नंबर कधी संपतो ती तारीख आपल्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. त्यांच्याकडे तो संदेश इंग्रजीत येतो, आणि आला तरी ते तो जाहिरात समजून पुसून टाकतात.

दीदीच्या कमेटीची पहिली फेरी मार्चमध्ये पूर्ण झाली. दुसऱ्या फेरीत आमच्या दोन चालकांना आणि त्या लिपिकाला भाग घ्यायचा आहे. पुरुषांना घ्यावे की नाही यावर आठ जणींचे अजून एकमत झालेले नाही.